तळघरातल्या टेक्नो क्लबात दोन तास वाजवायचे आहेत: पेनड्राइव्हपासून शेवटच्या ट्रॅकपर्यंत

अपरात्री (धागाकर्ती)

घरी कंट्रोलरवर हात बसला की वाटतं, क्लबात याहून वेगळं काय असणार. वेगळं बरंच असतं आणि त्यातलं फारच थोडं ट्यूटोरियलमध्ये येतं. म्हणून हा धागा. बीटमॅच कसं शिकायचं, कुठला कंट्रोलर घ्यायचा हे इथे नको, त्यावर धागे पडलेत.

गृहीत असं धरू: तळघरातली खोली, दीडदोनशे माणसं, जवळजवळ काळोख. दोन सीडीजे-२००० नेक्सस २ प्लेअर, एक डीजेएम-९०० नेक्सस २ मिक्सर, बाजूला दोन टेक्निक्स १२०० टर्नटेबल. स्लॉट रात्री २ ते ४. आधीचा डीजे १३२ बीपीएमच्या (मिनिटाला ठोके) आसपास सोडणार.

पेनड्राइव्हची तयारी, बूथमध्ये शिरल्यावर काय तपासायचं, लेव्हल कुठे ठेवायची आणि हमखास काय बिघडतं, एवढं हवंय. ज्याला जे नीट ठाऊक आहे ते लिहा. किस्से नकोत, त्याला वेगळा धागा काढू.


फेडर_खाली

पेनड्राइव्हपासून सुरू करतो.

दोन न्या, दोन्हींवर तोच एक्सपोर्ट. फॉरमॅट एफएटी३२, पार्टिशन एमबीआर. नेक्सस २ ला एनटीएफएस आणि एक्सफॅट वाचता येत नाही. जीपीटी पार्टिशन असेल तर आत एफएटी३२ असूनही प्लेअर ढिम्म हलत नाही, आणि लोक इथेच फसतात, कारण लॅपटॉपवर सगळं व्यवस्थित दिसत असतं. मॅकच्या डिस्क युटिलिटीत 'शो ऑल डिव्हायसेस' केल्याशिवाय स्कीम निवडायचा पर्याय दिसतच नाही. तो उघडून 'मास्टर बूट रेकॉर्ड' निवडा.

नुसत्या फाइली कॉपी करू नका. रेकॉर्डबॉक्समधून (ट्रॅक तयार करायचं सॉफ्टवेअर) एक्सपोर्ट केलं तरच तुमच्या प्लेलिस्ट, ग्रिड (ठोक्यांच्या खुणा) आणि क्यू (उडी मारायच्या जागांच्या खुणा) प्लेअरवर येतात. कॉपी केलेली फाइल वाजेल, पण अंधारात फोल्डर धुंडाळत बसाल. एक्सपोर्ट झाल्यावर रेकॉर्डबॉक्समधूनच इजेक्ट करायचं. अर्धवट लिहिलेला डेटाबेस बूथमध्ये दुरुस्त होत नाही.

क्लबने यंत्रं बदलली असतील तर आधी विचारून घ्या. ओपस-क्वाड, एक्सडीजे-एझेड अशा नव्या यंत्रांना 'डिव्हाइस लायब्ररी प्लस' लागते, नेक्सस २ ला जुनी 'डिव्हाइस लायब्ररी'. खात्री नसेल तर दोन्ही एक्सपोर्ट करून ठेवा.

एक खास दुखणं: वेव्ह फाइल लोड होत नाही आणि स्क्रीनवर ई-८३०५ येतं. फाइल खराब नसते. तिचं हेडर 'एक्स्टेन्सिबल' जातीचं असतं आणि ते प्लेअरला कळत नाही. सगळ्या वेव्ह फाइली एआयएफएफमध्ये बदला. आवाजाची प्रत तीच राहते, टॅगही शाबूत राहतात.

किती ट्रॅक न्यायचे? टेक्नोचा ट्रॅक ६-७ मिनिटांचा असला तरी दोन्हीकडच्या मिक्समध्ये दीडदोन मिनिटं जातात, म्हणजे ट्रॅक बदलायची वेळ दर चारेक मिनिटांनी येते. दोन तासांत ३० च्या आसपास वाजतील. १०० ते १२० न्या, त्याहून जास्त नको. हजार ट्रॅकची पेनड्राइव्ह म्हणजे निवड करायचा कंटाळा केला, एवढाच तिचा अर्थ. प्लेलिस्ट शैलीनुसार लावण्यापेक्षा कामानुसार लावा: सुरुवातीचे, नुसते ठोक्यावर चालणारे, उसंत देणारे, वर नेणारे, शेवटचे.


हॅट_ऑफबीट

फेडररावांशी सहमत, एक भर घालतो. 'क्लबात एमपी३ चालत नाही' हे फार ऐकायला येतं. मूळ लॉसलेस फाइलवरून बनवलेली ३२० ची एमपी३ खुशाल वाजवा. घात करते ती १२८ ची फाइल फुगवून ३२० केलेली. स्पेक्ट्रम दाखवणाऱ्या कुठल्याही मोफत सॉफ्टवेअरमध्ये उघडून बघा. खरी ३२० साधारण २० किलोहर्ट्झपर्यंत जाते, फुगवलेली १६ लाच कापल्यासारखी थांबते. मोठ्या हॉर्नवर अशी हाय-हॅट (ड्रममधली झांज) पत्र्यासारखी वाजते आणि इक्यूने (लो, मिड, हाय कमीजास्त करणारे नॉब) काहीही सुधारत नाही.

आणि ग्रिड हाताने तपासा. ऑफबीटची हॅट जोरात असली की सॉफ्टवेअर तिलाच ठोका समजतं आणि अख्खा ग्रिड अर्ध्या बीटने सरकतो. क्वांटाइझ (लूप-क्यू ग्रिडवर ओढून बसवणारी सोय) चालू असेल तर मग लूप आणि हॉट क्यू सगळेच चुकीच्या जागी पडतात. तबकडीवरून रिप केलेल्या ट्रॅकना 'डायनॅमिक' ॲनालिसिस लावा, त्यांचा वेग स्थिर नसतो.


अपरात्री (धागाकर्ती)

उत्तम. आता बूथमध्ये शिरल्यावरचं कोणीतरी लिहा. मंद्रसप्तक, तुम्ही आहात ना?


मंद्रसप्तक

आहे. लांबेल, चहा घेऊन बसा.

स्लॉटच्या २० मिनिटं आधी बूथपाशी पोचा. आधीच्या डीजेशी गप्पा मारू नका, तो कामात असतो. त्याला दिसा, बाजूला उभे राहा आणि कुठले चॅनल चालू आहेत, कुठला मोकळा आहे ते बघा.

मोकळ्या चॅनलवर वरून खाली नजर फिरवा. इनपुट सिलेक्टर योग्य जागी आहे का. ट्रिम (चॅनलची मूळ आवाजपातळी) खाली. इक्यूचे तिन्ही नॉब घड्याळातल्या १२ वर, म्हणजे मधोमध. फिल्टरचा नॉब मधोमध. चॅनल फेडर खाली. क्रॉसफेडरचा असाइन 'थ्रू' वर. 'प्लेअर चालतोय पण आवाज नाही' या तक्रारीत दोषी बहुतेक वेळा पहिला किंवा शेवटचा असतो. मग उजवीकडे बीट एफएक्स (इको वगैरे इफेक्ट): बटण बंद आहे का आणि तो कुठल्या चॅनलला लावलाय. आधीच्याने इको तुमच्या चॅनलवर सोडला असेल तर तुमची पहिली किकच (बेस ड्रमचा ठोका) दुहेरी येईल. हेडफोनचा जॅक घालण्याआधी हेडफोन लेव्हल शून्यावर आणा. हे विसरलात तर कान आपले आहेत.

प्लेअरवर: टेम्पो रेंज ±६ ठेवा. या रेंजमध्ये पिच ०.०२ टक्क्यांनी सरकतो, ±१० मध्ये ०.०५ ने. १३० बीपीएमच्या ट्रॅकला ±६ म्हणजे १२२.२ ते १३७.८, एका रात्रीला पुष्कळ झालं. 'मास्टर टेम्पो' बंद. तो चालू असला की वेग बदलला तरी सूर तोच राहतो, पण त्याची किंमत किकची धार देते. जॉग 'व्हिनाइल' मोडवर हवा की नको ते आपापल्या सवयीप्रमाणे. सेटिंग्ज पेनड्राइव्हवर 'माय सेटिंग्ज' म्हणून साठवता येतात, पण ती प्लेअरवर लोड करावी लागतात. आधीच्याचा ट्रॅक वाजत असलेल्या प्लेअरवर तो उद्योग नको.

पेनड्राइव्ह मोकळ्या प्लेअरमध्ये घाला. लॅनची केबल असेल तर तीच दुसऱ्या प्लेअरवरही 'लिंक'मधून दिसेल. दिसत नसेल तर केबल सुटलेली असते किंवा दोन्ही प्लेअरचा नंबर एकच असतो. नंबर युटिलिटीत बदलता येतो, मात्र प्लेअरमध्ये पेनड्राइव्ह असताना ती ओळ राखाडी राहते. तुमची दुसरी पेनड्राइव्ह याच वेळी कामाला येते.

आता मुख्य गोष्ट. तळघरात सगळं बिघडतं ते १०० हर्ट्झच्या खाली. वरचं काही चुकलं तर एखाद्याच्या लक्षात येईल. खालचं चुकलं तर माणसं कारण न कळता फ्लोअर सोडतात.

टेक्नोच्या किकचा गाभा ५० ते ६० हर्ट्झवर असतो. ५० हर्ट्झचं एक आवर्तन २० मिलिसेकंदांचं. दोन ट्रॅकच्या किका एकमेकींपासून १० मिलिसेकंद सरकल्या की एक वर जात असते तेव्हा दुसरी खाली जाते आणि दोघी मिळून बेस खाऊन टाकतात. जुळल्या तर उलट: सारख्या असतील तर ६ डेसिबलपर्यंत वाढ, आणि सिस्टिमचा लिमिटर लागतो. दोन्ही ट्रॅकचे लो (इक्यूचे बेसचे नॉब) एकत्र उघडे ठेवले तर यातलं एक होणारच.

१० मिलिसेकंद म्हणजे किती कमी ते पाहा. दोन ट्रॅकच्या वेगात ०.०५ टक्के फरक राहिला तर २० सेकंदांत तेवढी घसरण होते. तोवर कानाला ठोका 'जवळजवळ जुळलेला'च वाटतो. ठोका दुहेरी ऐकू येण्याच्या आधी बेस पातळ होतो. हीच खूण धरा: मिक्स चालू असताना पोटातला धक्का कमी झाला की हेडफोनमध्ये तपासा, इक्यू वाढवू नका.

म्हणून नियम एकच: एका वेळी एकच लो. येणाऱ्या ट्रॅकचा लो पूर्ण खाली ठेवून फेडर वर न्यायचा, हॅट आणि मिड आधी मिसळू द्यायचे, आणि फ्रेजच्या (ट्रॅकमधल्या ठरावीक बारांच्या गटाच्या) पहिल्या ठोक्यावर, म्हणजे आपल्या भाषेत समेवर, दोन्ही लो एकाच हालचालीत अदलाबदल करायचे. १३२ बीपीएमवर एक बार (चार ठोके) १.८२ सेकंदांचा, ३२ बार म्हणजे ५८ सेकंद. एवढा वेळ हातात असतो. घाई करणाऱ्याचा स्वॅप फ्रेजच्या मधेच पडतो आणि ऐकणाऱ्याला पायरी चुकल्यासारखं होतं.

अजून एक: बूथमध्ये ऐकू येणारा बेस खोटा असतो. बूथ बहुधा भिंतीला किंवा कोपऱ्याला लागून असतो आणि तिथे लो साचतो. खोलीच्या मधोमध तोच लो कमी पडू शकतो. ७ मीटर लांब खोलीत २४-२५ हर्ट्झला पहिला उभा तरंग बसतो, त्याच्या पटींना पुढचे. दारं उघडायच्या आधी आलात तर एक ट्रॅक लावून फ्लोअरच्या मध्यावर, मागच्या भिंतीला आणि बारपाशी उभे राहून ऐका. बूथमध्ये किती बेस म्हणजे मध्यावर किती, हे गणित डोक्यात बसवा. मग रात्रभर बूथवर विश्वास ठेवायचा नाही.


किकड्रम

एवढं गणित कशाला? सिंक (प्लेअरने आपोआप ठोके जुळवायचं बटण) दाबा, विषय संपला. २० मिलिसेकंद, ३० मिलिसेकंद करत बसण्यापेक्षा ट्रॅक निवडीकडे लक्ष द्या.


फेडर_खाली

@किकड्रम, सिंकला माझी ना नाही. पण सिंक ग्रिडवर चालतो. ग्रिड १५ मिलिसेकंद चुकलेला असेल तर सिंक ती चूक शेवटपर्यंत इमानाने सांभाळेल. लॅनची केबल निघाली की सिंक संपला, शेजारी तबकडी फिरत असेल तर तो नाहीच. काही मिक्सरमध्ये लिंकचा पोर्टच नसतो. झोन:९२ मिळाला तर तो पूर्ण ॲनालॉग, चार पट्ट्यांचा इक्यू आणि दोन फिल्टर, आवाज सुरेख, पण प्लेअर एकमेकांना थेट लॅनने किंवा हबने जोडून घ्यावे लागतात.

वापरा, पण बंद करून दोन तास काढता येतात याची खात्री असू द्या.


मंद्रसप्तक

आणि सिंकने लो स्वॅपचा प्रश्न सुटत नाही. ठोके बरोबर जुळले तरी किकचा आकार, तिची शेपूट आणि सूर वेगळे असतात. एकीची शेपूट दुसरीच्या सुरुवातीवर पडतेच.


काळा_डबा

लेव्हलबद्दल विचारतो. मास्टर थोडा लालमध्ये गेल्याशिवाय फ्लोअरला जोर येत नाही असा समज आहे. पुढचा डीजे आणखी वर ढकलतो, त्याच्या पुढचा आणखी. हे कुठे थांबवायचं?


मंद्रसप्तक

मिक्सरवरच.

मिक्सरच्या पुढे प्रोसेसर असतो आणि त्यात लिमिटर. तो स्पीकर वाचवायला बसवलेला असतो. त्याच्या मर्यादेच्या वर ६ डेसिबल ढकललं तर खोलीत ६ डेसिबल येत नाहीत. किकचं टोक चेपलं जातं, आणि किक चेपली की हॅट, क्लॅप, सिंथ हे सगळं तुलनेने पुढे येतं. म्हणजे जोर गेला आणि कर्कशपणा वाढला. डीजे हे ऐकून आणखी लो वाढवतो. लिमिटर आणखी दाबतो.

चॅनल मीटर हिरव्याच्या वरच्या टोकाला, जोरदार जागी नारिंगीचे एकदोन दिवे. लाल कधीच नाही. ट्रिम लावायची ती ट्रॅकच्या सर्वात भरलेल्या जागेवर, इंट्रोवर नाही. इंट्रोत नुसती किक असते, त्यावर ट्रिम लावली की बेसलाइन येताच मीटर लाल. हॉट क्यूने पुढे उडी मारून हेडफोनमध्ये भरलेली जागा वाजवा, ट्रिम लावा, परत या.

मास्टर नॉबला हात लावायचा नाही. कमी वाटलं तर साउंड इंजिनिअरला सांगा. खोली भरत जाते तशी माणसांची शरीरं वरच्या पट्ट्या शोषतात, लो मात्र फारसा कमी होत नाही. त्यामुळे रात्री २ वाजता आवाज मंद वाटणं साहजिक आहे. त्याची दुरुस्ती सिस्टिमच्या प्रोसेसरवर करतात, चॅनलच्या हाय नॉबवर नाही. कारण चॅनलचा हाय तुम्ही रात्री २ पासूनच वाढवून ठेवलात तर मिक्ससाठी तिथे जागाच उरत नाही.

डीजेएम-९०० च्या इक्यूत वर फक्त ६ डेसिबल आहेत, खाली मात्र २६, आणि आयसोलेटर मोडमध्ये पूर्ण शून्य. यंत्र बनवणाऱ्यालाही हा नॉब कापण्यासाठीच हवा होता, असं समजा.


हॅट_ऑफबीट

बूथ मॉनिटरचा मुद्दा राहिला. मुख्य स्पीकर बूथपासून ७ मीटरवर असतील तर त्यांचा आवाज २० मिलिसेकंद उशिरा पोचतो. हेडफोनमधला नवा ट्रॅक आणि खोलीतला जुना यांना कानाने जुळवलंत तर २० मिलिसेकंदांनी चुकीचं जुळवलंत. वरचं १० मिलिसेकंदांचं गणित आठवा. म्हणून मॉनिटर जवळ हवा, कानाच्या उंचीला, आणि जुळवणी करताना बूथचा नॉब वर. मिक्स पार पडला की खाली. मॉनिटर नसेल किंवा फाटका असेल तर हेडफोनचा 'मिक्स' नॉब मधोमध ठेवून दोन्ही ट्रॅक हेडफोनमध्येच ऐका.

कानांचंही इथेच सांगतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये अशा जागांसाठी मर्यादा दिली: १५ मिनिटांची सरासरी १०० डेसिबल. नोकरीच्या ठिकाणच्या हिशेबाने ८५ डेसिबल ८ तास चालतात आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो, म्हणजे १०० ला फक्त १५ मिनिटं. संगीतकारांसाठीचे १५ डेसिबलचे फिल्टरवाले प्लग १०० चे ८५ करतात. फोमचे बोळे वरच्या पट्ट्या जास्त खातात, त्यामुळे ते घालून मिक्स करणारा हाय वाढवत जातो. एक कान उघडा, एक हेडफोनमध्ये, असंच काम करत असाल तर उघड्या कानात प्लग ठेवा.


तबकडीवाला

कोपऱ्यातल्या १२०० कडे कोणी बघितलंच नाही म्हणून लिहितो.

क्लबात तबकडी वाजवायची तर पहिली तपासणी फीडबॅकची. थांबलेल्या तबकडीवर सुई ठेवा, चॅनल फेडर वर, मास्टर हळूहळू नेहमीच्या पातळीला न्या. घुमायला लागलं तर सबचा (बेसच्या स्पीकरचा) धक्का जमिनीतून टेबलात, टेबलातून टोनआर्ममध्ये शिरतोय. टर्नटेबलखाली जड फरशी आणि फरशीखाली मऊ रबर, हा उपाय लागू पडतो. नुसतं रबर पुरत नाही, वजन हवं. तरीही घुमत असेल तर त्या टेबलावर तबकडी वाजवू नका. लो थोडा कापून चालवू म्हणाल तर गर्दी नाचायला लागल्यावर सुई उडेल.

गुणगुण ऐकू आली तर मिक्सरमागची अर्थची तार बघा, स्क्रू ढिला असतो. आवाज अगदी बारीक आणि पातळ आला तर इनपुट 'लाइन'वर आहे. 'फोनो' करा, पण त्याआधी फेडर खाली. सुईचं वजन कार्ट्रिजच्या शिफारशीच्या वरच्या टोकाला, क्लबच्या कार्ट्रिजना बहुधा ३ ग्रॅमच्या आसपास. घरून स्वतःची कार्ट्रिज आणा. क्लबच्या सुईने किती रात्री पाहिल्यात कोण जाणे.

पिचचा स्लायडर ±८ चा असतो. एसएल-१२००एमके२ मध्ये मधोमध शून्याला खटका लागतो आणि त्याच्या आसपास क्वार्ट्झ पकडून ठेवतो, तिथे बारीक सुधारणा होत नाही. दोन्ही तबकड्या शून्यापासून जरा लांब, १-२ टक्क्यांवर चालवल्या की हा त्रास जातो.

भोक केंद्रात नसलेली तबकडी फेरीगणिक सूर वरखाली करते. ३३⅓ फेऱ्यांना एक फेरी १.८ सेकंदांची. १३३.३ बीपीएमवर एक बारही बरोबर १.८ सेकंदांचा! म्हणून ३३ च्या लॉक्ड ग्रूव्हमध्ये (एकाच फेरीत फिरत राहणाऱ्या खाचेत) चार ठोके नेमके बसतात ते याच वेगाला. अशी तबकडी तिसऱ्या डेकवर सोडून दिली की हवा तितका वेळ मिळतो. टेक्नो डीजे जेफ मिल्स तीन डेकच्या जोडीला रोलंडचं टीआर-९०९ हे ड्रम मशीन चालवतो त्याचं लोकांना अप्रूप वाटतं, आणि वाटावंच. १९८३ च्या त्या यंत्राला तबकडीशी जोडणारी कुठलीही तार नाही, टेम्पोचा नॉब हातानेच सांभाळावा लागतो.


अपरात्री (धागाकर्ती)

१.८ सेकंदांचं गणित भारी आहे. आता प्रत्यक्ष दोन तासांबद्दल. १३२ वर हातात आलं, पुढे काय? आणि पहिल्या मिक्सला काय करावं?


फेडर_खाली

आधीच्याचा शेवटचा ट्रॅक अर्ध्यावर कापू नका. तो शेवटपर्यंत जाऊ द्या, त्याच्याकडे बघून एकदा मान हलवा, तो बाजूला होईल. त्याची पेनड्राइव्ह त्याच्या ट्रॅकच्या प्लेअरमध्ये असते हे लक्षात ठेवा. ती चुकून कोणी ओढली तर प्लेअर चार ठोक्यांच्या इमर्जन्सी लूपमध्ये अडकतो. आवाज बंद पडत नाही, पण ट्रॅक पुढे जात नाही. तेवढ्यात तुमचा ट्रॅक आत आणायचा. काढण्याआधी 'यूएसबी स्टॉप' दिवा विझेपर्यंत दाबून ठेवायचं असतं. स्वतःचंही तसंच काढा.

पहिला ट्रॅक ठोक्याने भरलेला, सुराने रिकामा. तुमच्या बेसलाइनची त्याच्या बेसलाइनशी सुरात गाठ पडू नये म्हणून. 'की' जुळवणीच्या चक्राचा (कुठल्या सुरातले ट्रॅक एकत्र चालतात ते दाखवणारा तक्ता) टेक्नोत फार उपयोग नाही. कित्येक ट्रॅकमध्ये सूर इतका कमी असतो की सॉफ्टवेअर किकच्या सुरावरून अंदाज बांधतं, शिवाय ६ टक्के पिच म्हणजे जवळजवळ एक अर्धस्वर. ३ टक्के वर चालवलेला ट्रॅक दोन सुरांच्या मधे लटकतो, चक्र काहीही म्हणो. कानाला विचारा.

वेग १३२ वरून ४ वाजेपर्यंत १३६-१३७. ट्रॅकमागे फारतर अर्धा बीपीएम, तोही मिक्स संपल्यावर, एकच ट्रॅक वाजत असताना, हळूहळू. मिक्सच्या मधे पिच हलवला की दोघांचाही तोल जातो.

सलग दोन ब्रेकडाउनवाले (मधे किक थांबणारे) ट्रॅक लावू नका. लोक एकदाच हात वर करतात, दुसऱ्यांदा बारकडे जातात. तळघरातला फ्लोअर ब्रेकपेक्षा सलग ठोक्यावर जास्त टिकतो, असं माझं मत. दर २०-२५ मिनिटांनी थोडा हलका, कमी भरलेला ट्रॅक द्या. मीटर तेवढाच राहिला तरी कानाला उसंत मिळते आणि पुढची किक मोठी वाटते.


किकड्रम

इथे पूर्ण सहमत. आणि हॉट क्यू चारच लावा: पहिली किक, बेस येतो ती जागा, ब्रेकची सुरुवात, शेवटचे ३२ बार. ट्रॅक संपत आला आणि पुढचा तयार नाही तर शेवटच्या ३२ मध्ये १६ ठोक्यांचा लूप. ४ चा लूप लगेच ओळखू येतो.


मंद्रसप्तक

पेयं यंत्रांच्या उंचीला कधीच ठेवू नका, खालच्या फळीवर ठेवा. धुराच्या यंत्राचा झोत बूथकडे असेल तर वळवायला सांगा. तो चिकट थर फेडरमध्ये आणि सुईवर बसतो. ग्लिसरीनचा थर बसलेला फेडर खरखरतो, मग ती खरखर तुमच्या मिक्समध्ये.

४ ला पुढच्याकडे देताना त्याच्यासाठी एक चॅनल पूर्ण सरळ करून ठेवा. ट्रिम खाली, इक्यू १२ वर, एफएक्स बंद. तुमचा शेवटचा ट्रॅक लांब आउट्रोवाला. आणि त्याला हेडफोन लावायच्या आधी बूथ मॉनिटर खाली करा.

तुम्हीच शेवटचे असाल आणि बंद करायची वेळ तुमच्यावर आली तर क्रम उलटा: आधी ॲम्प्लिफायर, मग मिक्सर, मग प्लेअर. सुरू करताना ॲम्प्लिफायर सर्वात शेवटी. हा क्रम चुकला तर बंद होणाऱ्या मिक्सरचा ठॉक थेट सबमध्ये जातो.


काळा_डबा

रेकॉर्डिंग करायचं असेल तर मास्टरवरून घ्यायचं का?


हॅट_ऑफबीट

नाही, 'रेक आउट'वरून. मास्टर नॉबचा त्यावर परिणाम होत नाही, त्यामुळे इंजिनिअरने मास्टर खालीवर केला तरी रेकॉर्डिंग सरळ राहतं. रेकॉर्डरचा इनपुट लाइनवर, टोकं उणे ६ ते उणे १२ डेसिबलच्या मधे. पुढे मिक्सर वाढला तरी जागा उरते. ऑटो गेन बंद, तो ब्रेकडाउनमध्ये आवाज चढवतो आणि किक येताच चेपतो.

कार्ड एफएटी३२ असेल तर एका फाइलची मर्यादा ४ जीबी. २४-बिट, ४८ किलोहर्ट्झला ती चार तासांनी येते, काही अडत नाही. ३२-बिट फ्लोट, ९६ ला लावून ठेवलंत तर दीड तासातच येते. काही रेकॉर्डर तिथे नवी फाइल उघडतात, काही थांबतात. तुमचा कुठला ते घरी तपासा. बॅटरी नवी घाला. बूथमधल्या प्लगवरून चार्जर लावला तर गुणगुण रेकॉर्ड व्हायची शक्यता राहते.